पियानोवर भूप वाजवताना बोटं कशी टाकायची?

पेंटाटॉनिक स्केल म्हणजे पाच सुरांची स्वरमालिका. मेजर पेंटाटॉनिकचे सूर म्हणजे आपल्या भूपाचे सा रे ग प ध. म आणि नी नसल्यामुळे ग-प आणि ध-सां इथे मोठी उडी येते, आणि बोटांचा सगळा हिशोब या दोन उड्यांवरच ठरतो. (अंगठा म्हणजे १)

🎹 पांढरी एक, उजवा हात, आरोह: १-२-३, १-२. प्रत्येक उडीनंतर अंगठा येतो.
🎹 डावा हात, आरोह: ३-२-१, २-१. इथे उडीआधी अंगठा, मग त्याच्यावरून पुढचं बोट.
🎹 काळी दोन, उजवा हात: २-१-२-३-१. सा आणि प काळ्या पट्टीवर, म्हणून अंगठा पांढऱ्या रे आणि ध वर.
🎹 काळी तीन: पाचही सूर काळे! अंगठा काळीवर नको हा नियम इथे सोडा. उजव्या हाताला तीनच्या गटावर १-२-३, दोनच्या गटावर १-२.

फक्त पाच सुरांतच फिरणारी छोटी जागा असेल, तर सरळ १-२-३-४-५ ठेवा, अंगठा वळवायची गरजच नाही.

काळ्या पट्ट्यांची गंमत ऐकायची असेल तर शोपँचा ओपस १०, क्रमांक ५ लावा. उजवा हात जवळजवळ पूर्णवेळ काळ्यांवरच धावतो.

तुम्ही कोणत्या पट्टीत अडता? सांगा 👇