आयनांनाही जागा लागते

पावसाळ्यातील नदीचे गढूळ पाणी काचेच्या भांड्यात भरून ठेवले, तर वाळू काही मिनिटांत तळाशी बसते. पण पाण्याचा मातकट रंग दिवसेंदिवस जात नाही. हा रंग असतो चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान कण द्रवात असे तरंगत राहिले, की त्या मिश्रणाला कलिल म्हणतात. दूध, शाई, भिंतीचा रंग हीसुद्धा कलिलेच.

हे कण एकमेकांना चिकटून खाली का बसत नाहीत? मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण प्रभार असतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धन आयन त्याकडे ओढले जातात आणि कणाभोवती ढगासारखे जमतात. कणावरचा ऋण प्रभार हा एक थर आणि धन आयनांचे आवरण हा दुसरा. या जोडीला विद्युत द्विस्तर म्हणतात. दोन कण जवळ आले, की त्यांची आवरणे एकमेकांत घुसू लागतात आणि कण परस्परांना दूर ढकलतात.

पाण्यात मीठ वाढले, की हे आवरण आक्रसते. लिटरमागे 0.001 मोल मीठ असेल, तर त्याची जाडी सुमारे 10 नॅनोमीटर असते, 0.1 मोल, म्हणजे साधारण 6 ग्रॅम मीठ असेल, तर जेमतेम 1 नॅनोमीटर उरते. मग कण इतके जवळ येऊ शकतात, की त्यांच्यातील आकर्षण वरचढ ठरते. त्यांचे पुंजके होऊन खाली बसतात. नद्यांचा गाळ समुद्राच्या मुखाशी साचतो, त्यामागचे हे एक कारण आहे.

या आवरणाचे गणित 1910 मध्ये फ्रान्सच्या लुई गुई यांनी आणि 1913 मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड चॅपमन यांनी स्वतंत्रपणे मांडले. गणित सोपे व्हावे म्हणून त्यांनी आयनाला आकारमान नसलेला बिंदू मानले. प्रभार कमी असेल, तर हे गणित उत्तम चालते. पण प्रभार वाढला की काय होते, ते पाहा. पाण्यात लिटरमागे 0.1 मोल मीठ आहे आणि कणाच्या पृष्ठभागाचे व्होल्टेज 100 मिलिव्होल्ट आहे, असे धरू. या गणितानुसार पृष्ठभागालगत धन आयनांची दाटी सुमारे 50 पट होते, म्हणजे लिटरमागे 5 मोल. व्होल्टेज दुप्पट केले, की दाटी दुप्पट होत नाही. ती सुमारे 2,400 पटींवर, म्हणजे 240 मोलवर जाते! शुद्ध पाण्यातसुद्धा लिटरमागे पाण्याचे रेणू सुमारे 55 मोलच असतात. मग एवढे आयन मावणार कुठे?

परेड ग्राउंडवर हुकूम कितीही जोरात दिला, तरी पहिल्या रांगेत खांद्याला खांदा लावून मावतील तेवढेच कॅडेट उभे राहतात; उरलेल्यांना मागे दुसरी रांग धरावी लागते. आयनांचेही तसेच आहे. भोवती चिकटलेले पाण्याचे रेणू धरले, तर सोडियम आयनाची रुंदी सुमारे 0.7 नॅनोमीटर भरते. असे आयन ओळीने खेटून रचले, तरी लिटरमागे सुमारे 5 मोलच बसतात. म्हणजे आपल्या उदाहरणात 100 मिलिव्होल्टलाच जागा संपली.

1924 मध्ये ओटो स्टर्न यांनी दाखवले, की आयनाचे केंद्र पृष्ठभागाला टेकूच शकत नाही. मध्ये निदान त्याच्या त्रिज्येएवढे अंतर राहते. 1942 मध्ये बायकरमन यांनी आयनांनी व्यापलेली जागा गणितातच वजा केली. या सुधारणेनंतर चित्र बदलते: पहिली रांग भरली, की आवरण दाट होण्याऐवजी जाड होऊ लागते आणि तेवढ्याच प्रभारासाठी पृष्ठभागाचे व्होल्टेज अधिक लागते.

आकाराचा परिणाम प्रयोगांतही दिसतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम आणि सीझियम या चारही आयनांचा प्रभार सारखाच, +1. बिंदूंच्या गणितात त्यांच्यात काही फरक नसावा. प्रत्यक्षात चिकणमातीचे पाणी निवळायला सीझियम सर्वांत कमी लागते आणि लिथियम सर्वांत जास्त. गंमत म्हणजे यांत उघडा लिथियम आयनच सर्वांत लहान. पण तो पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, म्हणून जलावरणासह तो मोठा ठरतो आणि पृष्ठभागाच्या तितका जवळ येऊ शकत नाही.

सुपरकपॅसिटरमध्ये वीज याच द्विस्तरात साठवली जाते. इलेक्ट्रोडपाशी किती प्रभार मावेल, हे ठरवतानाही आयनांचा आकार विचारात घ्यावाच लागतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत एवढे करून पाहा. वाळू खाली बसू दिलेले गढूळ पाणी तीन परीक्षानळ्यांत घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीत चमचाभर मीठ आणि तिसरीत चिमूटभर तुरटीची पूड घालून हलवा. कोणती नळी आधी निवळते, याची वेळ घड्याळ लावून नोंदवा. तुरटीतल्या ॲल्युमिनियम आयनाचा प्रभार +3 आहे, हे लक्षात ठेवून कारण शोधा.