डॉ. हर्डीकर : दवाखाना सोडून स्वयंसेवक घडवणारा डॉक्टर

बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचा विषय निघाला की गांधीजी आठवतात, गंगाधरराव देशपांडे आठवतात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर जाता-येता दिसते. पण त्या अधिवेशनात स्वयंसेवकांची शिस्तबद्ध फळी ज्यांनी उभी केली, ते डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर आज किती जणांना माहीत आहेत?

जन्म धारवाडचा, ७ मे १८८९. कोलकात्यात वैद्यकीचं शिक्षण, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. तिथंच लाला लजपतराय भेटले आणि गडी राजकारणात ओढला गेला. न्यूयॉर्कमधल्या होमरूल लीगचं काम त्यांनी लालाजींसोबत केलं. परत आल्यावर हुबळीत दवाखाना थाटून सुखात राहता आलं असतं, पण तसं झालं नाही.

१९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह इथं महत्त्वाचा. तुरुंगातला जाच सहन न होऊन अनेक सत्याग्रहींनी माफी लिहून दिली. हर्डीकरांच्या हुबळी सेवा मंडळाची पोरं मात्र बधली नाहीत. नुसत्या उत्साहावर चळवळ टिकत नाही, तयारीची माणसं लागतात, हे त्यावरून नेत्यांना पटलं. त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झालं. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. रोजची हमाली हर्डीकरांची.

कवायत, गणवेश, शिबिरं हे सगळं पाहून काँग्रेसमधलेच काही जण बिचकायचे. अहिंसेच्या पक्षात ही फौज कशाला, असा त्यांचा सवाल. माझ्या मते हर्डीकरांची नजर सैनिकापेक्षा आरोग्यवाल्या डॉक्टरची होती. हजारोंची गर्दी जमली की पाणी, संडास, रांग, प्रथमोपचार कुणीतरी बघावंच लागतं. बायकांचं पथकही होतं, हुबळीच्या उमाबाई कुंदापूर त्याच्या प्रमुख. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठला गावोगावी झेंडावंदन करायची प्रथाही दलाचीच.

१९३१ मध्ये काँग्रेसनं दल आपल्या अखत्यारीत घेतलं. आजचं काँग्रेस सेवा दल ते हेच. पुढच्याच वर्षी सरकारची बंदी आली.

स्वातंत्र्यानंतर हर्डीकर १९५२ ते १९६२ राज्यसभेत होते. १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं. मिरज मार्गावरच्या आपल्या घटप्रभेशी आणि तिथल्या कर्नाटक हेल्थ इन्स्टिट्यूटशी त्यांचं नातं कायम राहिलं. २६ ऑगस्ट १९७५ रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, १९८९ मध्ये, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.