उन्हाची सवय आणि उंदरातील एक लहान प्रथिन

‘त्यांना उन्हाची सवय आहे हो!’ हे वाक्य बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा एकदा छडा लावावा असे वाटले. एका कारखान्याच्या वाटाघाटीत, नाव घेण्याचे कारण नाही, बॉयलिंग हाऊसमधील माणसांसाठी पंखे आणि दुपारच्या पाळीत जादा विश्रांती आम्ही मागितली, तेव्हा टेबलाच्या पलीकडून हेच उत्तर आले. उत्तर अगदीच खोटे नव्हते, हीच खरी अडचण. शरीराला उष्णतेची सवय होते. पण ती शरीरात नेमकी कोठे होते, किती दिवस टिकते आणि कोठे तुटते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. आम्ही कॉलेजची पायरी चढलेले नाही. जे पुढे सांगत आहोत ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. तेव्हा सोप्या गोष्टीपासूनच सुरुवात करू.

अंड्यातील पातळ, पारदर्शक भाग तव्यावर पडला की पांढरा होऊन थिजतो. तव्याखालचा विस्तव काढला म्हणून तो पुन्हा पातळ होत नाही. तो भाग प्रथिनांचा असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती ठरावीक तऱ्हेने घडी घालून बसली तरच आपले काम करते. उष्णतेने घडी उलगडते, उलगडलेल्या माळा एकमेकींत अडकतात आणि त्यांची गुठळी होते. आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास चालते. ते ४०-४१ अंशांपुढे गेले की पेशींतील नाजूक प्रथिनांच्या घड्या सैल पडू लागतात. गुठळी झाली की नुसते ते प्रथिन वाया जात नाही. ती गुठळी पेशीच्या इतर कामातही आडवी येते.

यावर पेशी काही उपाय करते काय? करते, आणि हे प्रथम दिसले ते एका माशीत. इटलीतील फेरुच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहात असत. कोणीतरी उबवणपेटीचे तापमान चुकून वाढवले, आणि गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे आलेले त्यांना दिसले. फुगवटा म्हणजे त्या जागचे जनुक कामाला लागल्याची खूण. हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. उष्णतेने बनणारी प्रथिने हाती लागायला मात्र १९७४ उजाडले. त्यांना आपण उष्म-प्रथिने म्हणू. त्यांत काही मोठी आहेत, काही लहान. मोठी उलगडलेल्या प्रथिनाची घडी पुन्हा घालून देतात. त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च होते. लहानांचे काम निराळे आहे, आणि आमचा विषय तोच आहे.

१९८२ साली एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. माशीतील चार लहान उष्म-प्रथिनांची रचना सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातील भिंगात असलेल्या अल्फा-क्रिस्टलिन या प्रथिनाशी जुळली. कोठे तापलेली माशी, आणि कोठे गाईचा डोळा! अल्फा-क्रिस्टलिन हा भिंगातील नुसता भरणा आहे, अशीच समजूत तोवर होती. पण जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवले, की ते सैल पडलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवते आणि त्यांची गुठळी होऊ देत नाही. ते दुरुस्ती करत नाही, फक्त धरून ठेवते. दुरुस्ती करणारे मोठे प्रथिन येईपर्यंत वेळ मिळवून देते. यासाठी त्याला ऊर्जाही लागत नाही. आपल्याकडे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात मोहन राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले. तापमान ३० अंशांच्या वर चढू लागले की या प्रथिनाची रचना बदलते आणि त्याची धरून ठेवण्याची शक्ती वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे उष्णता वाढली की हा गडी अधिक कामाला येतो.

भिंगात याचे इतके महत्त्व का? भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वी बनलेली असतात आणि मरेपर्यंत ती बदलली जात नाहीत. सत्तरीच्या म्हातारीच्या भिंगाचा गाभा तिच्याहूनही काही महिन्यांनी जुना असतो. तेथे नवा माल येत नाही. जेवढे अल्फा-क्रिस्टलिन आहे तेवढ्यावरच भागवायचे. ते सैल प्रथिनांना धरता धरता गुंतून संपत जाते; मग गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो, आणि आपण म्हणतो मोतीबिंदू झाला. वय, मधुमेह, तंबाखूचा धूर, उन्हातील अतिनील किरण ही सर्व त्याला हातभार लावतात.

येथे जवळचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे खडकाळ माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, उष्णता, क्षार यांनी पिके आणि जनावरे यांवर येणारा ताण हा तिचा विषय. वनस्पतींत लहान उष्म-प्रथिनांचे प्रकार प्राण्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसात अशी दहा आहेत. कारण उघड आहे: ऊस असो की गहू, त्याला उठून सावलीत जाता येत नाही.

आता उंदरांकडे वळू. एखादे प्रथिन नेमके काय करते हे समजण्याचा एक मार्ग म्हणजे त्याचे जनुक काढून टाकलेला उंदीर तयार करणे आणि काय बिघडते ते पाहणे. संपाने यंत्राचे महत्त्व कळते, तसेच हे. अल्फा-क्रिस्टलिनची दोन भावंडे आहेत, ए आणि बी. १९९७ साली ‘ए’ नसलेला उंदीर तयार झाला. त्याच्या भिंगात लवकरच ढग आले, आणि त्या गुठळ्यांत सापडले कोण? तर एकटा उरलेला ‘बी’.

मग २००१ मध्ये ‘बी’ नसलेला उंदीर आला, आणि त्याची हकीकत अधिक विचार करायला लावणारी आहे. ‘बी’ हे प्रथिन भिंगाबाहेरही असते: हृदयात, हातापायांच्या आणि पाठीच्या स्नायूंत. असा उंदीर जन्मला, वाढला, त्याला पिल्ले झाली. भिंगही स्वच्छ. कोणी म्हणाले असते, या प्रथिनावाचून काही अडत नाही! पण सुमारे ४० आठवड्यांच्या वयाला त्याचे स्नायू झिजू लागले, आणि त्याची तब्येत पार ढासळली. प्रयोगशाळेतील उंदीर दोनेक वर्षे जगतो. तेव्हा ४० आठवडे म्हणजे ऐन उमेदीचा काळ. स्नायू रोज ताणला जातो, आकुंचन पावतो. त्याच्या आतील तंतूंना सांभाळणारा गेला तर तरुणपणी काही दिसत नाही, पुढे दिसते. एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. हे जनुक काढताना त्याला खेटून असलेले दुसऱ्या लहान उष्म-प्रथिनाचे जनुकही गेले होते. तेव्हा सगळा दोष एकाच्याच अनुपस्थितीवर घालता येत नाही.

अशाच उंदरांची हृदये काढून त्यांचा रक्तपुरवठा काही काळ थांबवला आणि पुन्हा सुरू केला, तेव्हा साध्या उंदरांपेक्षा त्यांतील अधिक पेशी मेल्या आणि हृदयाची ताकद कमी परतली. हे २००४ चे काम. थोडक्यात, नाव उष्म-प्रथिन असले तरी ते केवळ उष्णतेचे नव्हे. प्राणवायूचा तुटवडा, ओढाताण, दाह या साऱ्यांत ते पुढे होते. २००७ मध्ये तर असे दिसले, की मज्जातंतूंच्या आवरणावर शरीराच्याच रक्षक पेशी उलटतात त्या आजारात ‘बी’ नसलेले उंदीर अधिक आजारी पडतात, आणि हे प्रथिन बाहेरून दिले तर आजार सौम्य होतो.

याला एक काळी बाजूही आहे. १९९८ साली एका फ्रेंच कुटुंबात ‘बी’ प्रथिनाच्या १७५ मण्यांच्या माळेतील १२० वा मणी बदललेला आढळला. एवढ्याने त्या कुटुंबातील माणसांचे स्नायू आणि हृदय दुबळे झाले होते, मोतीबिंदूही होत होता. पुढे तोच बदल उंदरांच्या हृदयात घडवला, तर तेथे या प्रथिनाच्याच गुठळ्या साचल्या आणि हृदय निकामी झाले. धरून ठेवणाराच बिघडला, तर तो नसण्याहून वाईट.

आता सवयीकडे येऊ. प्रयोगशाळेतील पेशी थोडा वेळ सौम्य उष्णतेत ठेवून परत आणल्या, तर काही तासांनी दिलेली मारक उष्णता त्या सोसतात. आधी न तापवलेल्या पेशी मरतात. उष्म-प्रथिनांचा साठा झालेला असतो. पण ही ताकद काही दिवसांत ओसरते. उंदरावरून माणसाचा हिशेब जसाच्या तसा मांडू नये, हे आम्हांस मान्य आहे. माणसाच्या सवयीत घाम लवकर येणे, रक्तातील पाणी वाढणे यांचा वाटा मोठा असतो. त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि काम सुटले की काही आठवड्यांत ती सवय जाते. अमेरिकेतील नोंदी सांगतात, की उन्हातील कामावर उष्णतेने मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे कामाच्या पहिल्या आठवड्यात मेली. म्हणून तेथील तज्ज्ञ नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात एकपंचमांश काम द्यायला सांगतात, आणि दररोज तेवढेच वाढवायला.

आमच्याकडे हे कोणाला लागू पडते? बॉयलिंग हाऊसमध्ये वीस वर्षे उभ्या असलेल्या पॅनमनपेक्षा, मार्चमध्ये इंदापूरकडच्या वीटभट्टीवर नव्याने आलेल्या जोडप्याला. महामार्गाच्या डांबरावर काल लागलेल्या पोराला. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीजवळ ठेकेदाराने आणलेल्या बदली माणसाला. ठेकेदार दर दोन-तीन महिन्यांनी माणसे बदलतो, म्हणजे त्या जागेवर पहिला आठवडा पुनःपुन्हा सुरू होत राहतो. पुढच्या वाटाघाटीत आम्ही पंख्यांबरोबर हेही मागणार आहोत: पहिल्या आठवड्याचे काम चढत्या पायरीने, आणि मजुरी पूर्ण. नगावर मजुरी असलेल्या वीटभट्टीवर हा हिशेब कसा बसवायचा, कमी विटांची भरपाई भट्टीमालकाने द्यायची की उचल देणाऱ्या मुकादमाने, हे अजून ठरवायचे आहे.