डासअळी मोजणारी तीन मापं

जायकवाडी धरणाचं पाणी छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या नळांना रोज येत नाही. मधे बरेच दिवस जातात. म्हणून घरोघरी ड्रम, रांजण, हौद भरून ठेवलेले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं.

समजा, अशा वस्तीत 100 घरांतली 400 भांडी तपासली आणि 8 घरांतल्या 20 भांड्यांत अळ्या सापडल्या.

घर निर्देशांक: तपासलेल्या घरांपैकी अळ्या सापडलेली घरं, म्हणजे 8 टक्के.

भांडी निर्देशांक: तपासलेल्या भांड्यांपैकी अळ्या असलेली भांडी, म्हणजे 5 टक्के.

ब्रेटो निर्देशांक: दर 100 घरांमागे अळ्या असलेली भांडी, म्हणजे 20. तिन्हींत हाच जास्त बोलका. एका घरात अळ्यांचा एक ड्रम असो की पाच, घर निर्देशांकात फरक पडत नाही, ब्रेटोत पडतो.

अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा ‘कोरडा दिवस’ त्यासाठीच. पण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेला ड्रम ओतून द्यायला सांगणं अन्यायाचं आहे. तिथे घट्ट झाकण लावावं किंवा कापड बांधावं, हौदात गप्पी मासे सोडावेत. ड्रम रिकामा झाला की आतल्या कडा घासाव्यात. कारण तिथली एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात.