एकट्या आईची चौकशी

मंडळी, आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही असे पुष्कळांना वाटते, आणि म्हणूनच तो आज काढला आहे. गावात एखादी बाई एकटीने मुले वाढवीत असते. धनी वारलेला असतो, नाहीतर टाकून गेलेला. सरकारकडून तिला दरमहा निराधार अनुदान मिळते. त्यात पोरांच्या वह्या, तेल-मीठ, औषधपाणी कसेबसे भागते. आणि एक दिवस कोतवाल दारात येऊन सांगतो, "सोमवारी तहसिलीत बोलावलंय. तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय."

अर्ज कोणी केला, त्यात काय लिहिले, काही कळत नाही. बाईच्या पायांतले बळच जाते. रात्रभर एकच घोळ डोक्यात: पैसे बंद होणार, मागचे परत भरायला लावणार, आणि मला नेऊन बसवले तर पोरांना कोण बघणार? या भीतीपायी काही बाया चौकशीला जातच नाहीत. काही जातात आणि समोर येईल त्या कागदावर अंगठा उठवून मोकळ्या होतात. दोन्हींत नुकसान त्यांचेच होते. तेव्हा ही चौकशी म्हणजे काय असते, ते नीट पाहू.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्या किंवा अगदीच अपुरी मिळणाऱ्या स्त्रिया, अपंग, अनाथ मुले, अशांसाठी ती आहे. अर्जदार पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी तिची सर्वसाधारण अट. अपंगांना यापेक्षा जास्त मर्यादा आहे. अनुदानाची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली. कारभार तहसील कार्यालयातून चालतो, आणि गावातली माहिती तलाठी देतो. त्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तो तलाठीच आहे.

सरकारी पैसा आहे, तेव्हा तो योग्य माणसाला जातो की नाही हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. खोट्या दाखल्यांवर अनुदान लाटणारेही गावात असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. चौकशी म्हणजे विचारणा. तुमची बाजू ऐकल्याशिवाय तुमच्याविरुद्ध निर्णय घेऊ नये, हे आपल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे.

आता अर्जात काय असते? बहुतेक वेळा तक्रारी ठरलेल्याच असतात. "हिचा नवरा घरी येतो-जातो", "हिच्याकडे दुसराच कोणी राहतो", "ही रोज कामाला जाते, निराधार कसली?", "हिचा मुलगा कमावता झाला". यांतल्या पहिल्या दोन तक्रारींवर थोडे थांबू, कारण बाईला बोलता येत नाही ते तिथेच.

असे पाहा. नवरा सहा वर्षांपूर्वी टाकून मुंबईला गेला. दिवाळीला एक दिवस येतो, पोरांना कपडे देतो, ओसरीवर निजतो आणि सकाळच्या एस.टी.ने परत जातो. शेजाऱ्याने तेवढे पाहिले आणि अर्ज ठोकला. एवढ्याने ती बाई नवऱ्याच्या आधाराने राहते असे होते का? होत नाही. प्रश्न आधाराचा आहे. घर कोण चालवतो? दाणागोटा कोण भरतो? पोराला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतो? कुटुंबाच्या रेशनकार्डावर कोणाची नावे आहेत? उलट, नवरा परत येऊन सहा महिने एकाच चुलीवर जेवत असेल, कमाई घरात देत असेल, तर परिस्थिती बदलली आहे, आणि ती तहसिलीत कळवायला हवी होती. बाईच्या चारित्र्याचा पंचनामा करण्यासाठी ही योजना निघालेली नाही. चौकशीत कोणी तसले प्रश्न विचारू लागला, तर शांतपणे म्हणावे, "साहेब, घर कसं चालतं ते विचारा, मी सगळं सांगते."

विलायतेतही एकट्या आईबापाला सरकारी मदत मिळते, आणि तिथेही शेजारीपाजारी निनावी कळवतात की हिच्याकडे कोणी राहतो. पण तिथे एकाच गोष्टीवरून निकाल देत नाहीत. दोघांचे घर एक आहे का, खर्च एकत्र आहे का, नाते किती दिवसांचे आणि किती स्थिर आहे, मुलांचे कोण पाहते, लोकांत ती दोघे नवराबायको म्हणून वावरतात का, हे सगळे मिळून पाहावे लागते. गुन्ह्याचा संशय घेऊन मुलाखत घ्यायची असेल, तर अधिकारी आधीच बजावतो की बोलण्याची तुमच्यावर सक्ती नाही, पण बोललात तर ते पुराव्यात येऊ शकते. सोबत वकीलही घेता येतो. आपल्या तहसिलीत असे कोणी बजावून सांगत नाही, म्हणून आपले आपणच माहीत करून घ्यायचे.

पहिली गोष्ट, तोंडी निरोपावर विसंबू नका. जा जरूर, पण विचारा, "मला लेखी नोटीस द्या. कशाबद्दल बोलावलं ते त्यात लिहा." तक्रारीची प्रतही मागा. दिली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. तक्रारदाराचे नाव कदाचित मिळणार नाही, पण तुमच्यावर आरोप काय आहे एवढे कळले तरी पुरे. तयारीला वेळ हवा असेल तर साध्या कागदावर अर्ज करून आठ-पंधरा दिवस मागून घ्या, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, सही, तारीख. ही पोच म्हणजे बाईच्या हातातली काठी समजा.

मग पेटी उघडा. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक भरून आणलेले, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला किंवा टाकून दिल्याबद्दलचे जे काही कागद असतील ते, पोटगीचा दावा चालू असेल तर त्याच्या तारखा, मुलांच्या शाळेचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, मागच्या हयातीच्या दाखल्याची पोच. मूळ कागद दाखवा, द्या मात्र झेरॉक्स. मूळ कागद टेबलावर ठेवून आलेली बाई पुढे सहा महिने त्याच टेबलाभोवती फिरते.

उत्पन्नाबद्दल मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. खुरपणीला दिवसाला २५० रुपये धरले, तर ८४ दिवसांत ही मर्यादा संपते. बारा महिन्यांपैकी तीन महिनेही नाहीत! अनुदान वाढले, पण ही मर्यादा होती तिथेच राहिली. याचा परिणाम असा, की कष्ट करणारी जवळजवळ कोणतीही विधवा तक्रारीच्या टप्प्यात येऊ शकते. हा नियमाचा दोष आहे, बाईचा नव्हे, असे माझे मत आहे. तरीही चौकशीत खोटे सांगू नका. मात्र अंदाजाने आकडाही फेकू नका. "रोज जाता का कामाला?" असे विचारले की "हो" म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय असते. पण "रोज" म्हणजे ३६५ दिवस असे कागदावर उतरते! पाऊस नसला तर काम नाही, सुगी सरली तर काम नाही, पोर आजारी पडले तर काम नाही. कोणत्या महिन्यात साधारण किती दिवस आणि काय मजुरी, ते घरी बसून आठवा, मुलाकडून वहीत लिहून घ्या आणि तेच सांगा. रोजगार हमीचे दिवस जॉबकार्डावर असतातच.

आणखी एक घोटाळा हल्ली दिसतो. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर हिचा लाभ नाही, असा तिचा नियम होता. पण गावात कोणीतरी मोबाईलवर सगळ्यांचेच फॉर्म भरून दिले. बाईने फक्त आधारकार्ड दिले, काय भरले ते तिला ठाऊक नाही. दोन्हीकडून पैसे आले असतील तर ते चौकशीत उघड होण्याची वाट पाहू नका. आपणहून लेखी कळवा. फॉर्म कोणी भरला, केव्हा भरला, तेही लिहा. चूक आणि लबाडी यांत फरक आहे, आणि तो फरक दाखवायला आपणहून दिलेल्या अर्जाइतके चांगले साधन नाही.

हा फरक विसरला की काय होते, याचे उदाहरण हॉलंडात घडले. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना सरकारी भत्ता मिळतो. तिथल्या करखात्याने एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली, तरी लबाडी समजून सगळा भत्ता परत मागितला. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. त्यांत एकट्या आया आणि परदेशी वंशाचे लोक पुष्कळ होते. पुढे सत्य बाहेर आले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी सबंध मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. एवढ्या सुधारलेल्या देशात हे झाले, तेव्हा आपल्या तालुक्याचा कारकून चुकणारच नाही असे कोणी समजू नये.

आता चौकशीचा दिवस. सोबत एक जाणते माणूस न्या: भाऊ, अंगणवाडीच्या ताई, बचतगटातली मैत्रीण. धाकट्या मुलाला घरी कोणाकडे तरी ठेवा, रडते पोर कडेवर असले की माणूस लवकर सुटण्यासाठी कशालाही हो म्हणतो. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला लावा. आठवत नसेल तर "आठवत नाही" हे उत्तर आहे, आणि ते खरे उत्तर आहे. अर्ज कोणी केला असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार तिथे करू नका. मलाही समजते की जीभ आवरत नाही, पण तुमचा वेळ आणि साहेबाचे लक्ष दोन्ही त्यात जातात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जबाब. तुम्ही बोलता आणि कारकून लिहितो. तुमची भाषा बोलीतली, त्याची कचेरीची. तुम्ही म्हणता, "सणाला येतो पोरांना बघाया," आणि कागदावर येते, "पती अधूनमधून वास्तव्यास असतात." म्हणून सही किंवा अंगठा करण्याआधी जबाब मोठ्याने वाचून घ्यायला सांगा. चुकले असेल तिथे दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्तीजवळ सही करा. कोऱ्या कागदावर, किंवा खाली जागा मोकळी सोडलेल्या कागदावर, सही नाही म्हणजे नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध सहसा चालत नाही. पण तहसिलीतल्या जबाबाला ते संरक्षण नाही, तो पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जाऊ शकतो. हे पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसते.

प्रकरण पोलिसांकडे गेलेच, तर फसवणुकीचा गुन्हा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली येतो. मुद्दाम, खोटे आहे हे माहीत असून फसवले, हे सिद्ध व्हावे लागते. नुसती चूक म्हणजे फसवणूक नव्हे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे आपल्या घटनेच्या विसाव्या कलमातच आहे. आणि वकिलाला पैसे कुठून आणू, ही चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरावर फोनही करता येतो. तहसिलीबाहेरच्या चहाच्या टपरीवर "दोन हजार द्या, मिटवून टाकतो" म्हणणारा माणूस भेटेल. त्याच्याकडे तुमचे प्रकरण नसते, फक्त तुमची भीती असते.

निकाल विरुद्ध गेला तर लेखी आदेश मागा. वसुली सांगितली तर महिनावार हिशेब मागा. दोन वर्षांचे १,५०० प्रमाणे ३६,००० होतात. पण परिस्थिती चार महिन्यांपूर्वीच बदलली असेल, तर हिशेब ६,००० चा आहे, ३६,००० चा नव्हे. आदेश मान्य नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात दाद मागा, आणि हप्ते हवे असतील तर तसा अर्ज करा. तोंडी गयावया केल्याचा कुठे कागद राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. अशा चौकशीत कधी कधी अधिकारी शाळेत येऊन विचारतो, "या मुलाचा बाप येतो का हो?" तुमच्या रजिस्टरात जे आहे ते सांगा. पालक म्हणून सही कोणाची, पालकसभेला कोण आले, प्रवेशाच्या वेळी कोण उभे होते, एवढेच. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनही सांगू नका. मुलाला वर्गातून बाहेर बोलावून त्याच्या बापाबद्दल विचारू देऊ नका, असे मी आग्रहाने म्हणेन. ते पोर पुढे आठ दिवस खाली मान घालून बसते, हे तुम्ही पाहिले असेल. आणि नोटीस घेऊन एखादी आई संध्याकाळी शाळेच्या पायरीशी आली, तर तिला ती मोठ्याने वाचून दाखवा, तारीख तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्या आणि उत्तराच्या दोन प्रती लिहून द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, हे तिला पुन्हा एकदा सांगा.