अफलाटॉक्सिन, यकृत आणि ‘क’ जीवनसत्त्वाची मर्यादा

१९७४ च्या खरिपात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत मका काढणीला आला असतानाच अवकाळी पाऊस झाला. कणसे भिजली, ओलसर अवस्थेतच घरात आली आणि पुढचे कित्येक आठवडे आदिवासी कुटुंबांची भाकर त्याच मक्याची झाली. मग गावोगाव कावीळ दिसू लागली, रुग्णांच्या पोटात पाणी साचू लागले. त्याच घरांतले कुत्रेही याच लक्षणांनी मरत होते. ३९७ माणसे आजारी पडली. त्यांपैकी १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मका तपासला, तेव्हा त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी आणि तिने निर्माण केलेले अफलाटॉक्सिन आढळले. बाधितांच्या शरीरात हे विष रोज २ ते ६ मिलीग्रॅम इतके जात असावे, असा त्यांचा अंदाज होता.

विषबाधेचा विषय निघाला की विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: लिंबू, आवळा किंवा ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर विष उतरते का? या प्रश्नाला नुसते ‘नाही’ म्हणून चालत नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे. ते किती, हे मात्र नेमके समजून घेतले पाहिजे.

अफलाटॉक्सिन मुळात जेवढे घातक असते, त्याहून अधिक घातक ते यकृतात गेल्यावर होते. यकृतातील विकरे त्याचे इपॉक्साइड नावाच्या अतिक्रियाशील संयुगात रूपांतर करतात आणि हे संयुग पेशीतील डीएनए व प्रथिनांना चिकटते. त्याला निष्प्रभ करण्याचे मुख्य काम ग्लुटाथायोन करते. ग्लुटाथायोनचा साठा अपुरा पडला की पेशी मरू लागतात. मृत पेशींच्या संकेतांमुळे यकृतातील भक्षक पेशी जाग्या होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि दाह सुरू होतो. या पेशी सोडत असलेले क्रियाशील ऑक्सिजन रेणू शेजारच्या निरोगी पेशींनाही पोळतात. म्हणजे काही हानी विषाची, तर काही शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराची असते.

‘क’ जीवनसत्त्व उपयोगी पडते ते येथे. ते स्वतः इलेक्ट्रॉन देऊन या रेणूंना शांत करते आणि पेशीपटलातील ‘ई’ जीवनसत्त्वाला पुन्हा कार्यक्षम बनवते. पांढऱ्या पेशी रक्तद्रवाच्या कितीतरी पट ‘क’ आपल्यात साठवून ठेवतात, ते उगाच नव्हे. मात्र डीएनएला एकदा चिकटलेले विष सोडवणे त्याच्या आवाक्यात नाही.

गाय, शेळी, उंदीर हे प्राणी ‘क’ आपल्या यकृतातच तयार करतात. कोंबडी ते मूत्रपिंडात करते. माणूस आणि गिनीपिग यांना मात्र ते अन्नातूनच मिळवावे लागते. म्हणूनच १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगासाठी गिनीपिग निवडले गेले. ज्यांना आधीचे काही आठवडे भरपूर ‘क’ दिले होते, ते अफलाटॉक्सिनच्या तीव्र मात्रेतूनही मोठ्या प्रमाणात बचावले. येथे ‘आधीचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विष पोटात गेल्यानंतर दिलेल्या औषधाचा हा प्रयोग नव्हता, शिवाय दिलेली मात्राही आहारातून मिळणाऱ्या मात्रेहून फार मोठी होती. माणसातील अफलाटॉक्सिन बाधेवर ‘क’ हा सिद्ध झालेला उपचार नाही. भारतीय प्रौढ पुरुषासाठी रोज ८० मिलीग्रॅम ‘क’ पुरेसे मानले जाते आणि एका मध्यम पेरूत त्याहून अधिक मिळते. तेवढे अवश्य खावे. पण फवारणीनंतर चक्कर, मळमळ जाणवल्यास लिंबूपाण्यावर वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी डबीवरील लेबल बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

जाता जाता एक गंमत. कोलकात्याचे शास्त्रज्ञ इं. भू. चटर्जी यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की कीटकांनाही ‘क’ तयार करता येत नाही. रेशीमकिडा ते तुतीच्या पानातून मिळवतो. पिकावरच्या अळ्यांची पालवीवरची भूक अशी आपल्याशी नाते सांगणारी आहे!

नात्याचा दुसरा धागा इतका गमतीचा नाही. निरोगी, अखंड दाण्यात ही बुरशी सहजी शिरत नाही. तिला वाट करून देतात ते बहुधा कीटक. शेतात अमेरिकन लष्करी अळी आणि कणीस पोखरणाऱ्या इतर अळ्या दाण्यांचे कवच फोडतात. साठवणीत सोंडकिडे दाणा पोखरतात आणि त्यांच्या श्वसनाने ढीग आतून उबदार, दमट होतो. वरचा थर कोरडा, मधला मात्र ओलसर, अशी फसवी स्थिती त्यातून येते. म्हणून हात ढिगाच्या मध्यापर्यंत घालूनच पाहावे. किडलेली कणसे काढणीच्या वेळीच वेगळी करणे, कणसे जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवणे, दाण्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर आल्याशिवाय पोती न भरणे आणि शक्य तेथे हवाबंद पिशव्या वापरणे, ही कामे वेळेवर झाली तर विष तयारच होत नाही. एकदा तयार झाल्यावर ते तव्यावरच्या उष्णतेने जात नाही, धुतल्यानेही पुरते निघत नाही.

बुरशी लागलेला मका बहुतेक घरांत फेकला जात नाही. तो गोठ्यात जातो. ही सवय सर्वांत चिवट आहे. दुभत्या जनावराने खाल्लेल्या अफलाटॉक्सिनचा काही भाग ‘एम १’ या रूपाने दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो तसाच राहतो.