फोटोंची पेटी निवडताना

मैत्रिणींनो, तुमच्या लग्नाचा अल्बम कुठे आहे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कपाटातल्या वरच्या कप्प्यात, शालूच्या शेजारी. पण मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो? ते ‘ह्यांच्या’ जुन्या फोनमध्ये. धाकट्याच्या बारशाचं चित्रण भाऊजींच्या लॅपटॉपवर. घराचा सातबारा, मुलांचे दाखले, गॅसच्या पावत्या यांचे फोटो व्हॉट्सॲपमध्ये कुठेतरी. आणि मामंजींच्या शेवटच्या दिवाळीचं जे काही आहे ते एका पेनड्राईव्हमध्ये, तो पेनड्राईव्ह शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली.

फोन भरला की आपण काय करतो? बसतो आणि पुसतो. काय पुसायचं हे ठरवताना जीव कसा होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

यावर बाजारात एक उपाय मिळतो. त्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात, दुकानदार नुसतं ‘नॅस’ म्हणतो. दिसायला पावाच्या डब्याएवढी पेटी. आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात. ती वायरने घरच्या राऊटरला जोडायची, की वायफायवरच्या सगळ्या फोनना आणि कॉम्प्युटरना ती दिसू लागते. तुम्ही बाजारातून घरी आलात, फोन वायफायला लागला, की दिवसभराचे फोटो आपोआप पेटीत जातात. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, आणि सगळ्यांचा मिळून एक. एवढंच तिचं काम.

तुम्ही म्हणाल, गूगलवर चढतातच की फोटो! चढतात. पण १ जून २०२१ पासून तिथे फोटोंना मोफत अमर्याद जागा नाही. मेल, कागद, फोटो सगळं मिळून १५ जीबी फुकट, पुढे दरमहा पैसे. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डिसेंबर २०२३ पासून गूगलने नियम लावला आहे, की जे वैयक्तिक खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, ते आतल्या फोटोंसकट काढून टाकले जाऊ शकते. घरातले वडीलधारे माणूस गेले, त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये पडला, तर त्यांच्या खात्याचे हेच होणार. तेव्हा पेटी घ्या अगर घेऊ नका, अशा फोनमधले आधी उतरवून घ्या.

आता कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये? माझे स्पष्ट मत सांगते. घरातला सगळा पसारा मिळून दोनशे-तीनशे जीबीच्या आत असेल, तर नॅस घेण्याच्या भानगडीत पडू नये. दोन साध्या पोर्टेबल हार्ड डिस्क घ्याव्यात, महिन्यातून एकदा दोन्हींवर सारखंच उतरवावं, एक घरी ठेवावी, एक दुसरीकडे. काम झालं. पण घरात चार-पाच फोन असतील, किंवा घराला लागून काही धंदा असेल, म्हणजे फोटो स्टुडिओ, शिकवणी, ऑनलाईन अर्ज भरायचे केंद्र, बचत गटाचे हिशेब, तर मात्र ‘कोणाच्या फोनमध्ये होतं गं ते?’ हा प्रश्न रोजचा होतो. तिथे ही पेटी कामाची.

आमच्या गावचंच उदाहरण देते. पोहरादेवी हे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव, बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसांचा पूर लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला ‘बंजारा विरासत’ संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्यानंतर बाराही महिने ये-जा वाढली आहे. आमच्याकडे एका जोडप्याचा फोटो स्टुडिओ आहे. दादा कॅमेरा घेऊन तांड्यातांड्यांवर लग्नाला जातात, वहिनी घरी बसून चित्रण जुळवतात आणि हिशेब ठेवतात.

त्यांच्याकडे एक मुलगी आली. तिच्या लग्नाला तीन वर्षे झालेली. इथल्या बंजारा लग्नात नवरीला निरोप देताना ढावलो म्हणतात, रडत रडत म्हणायचं गाणं. तिच्या लग्नात आजीने म्हटला होता. आजी वारली. फिल्ममध्ये त्या जागी सिनेमाचं गाणं टाकलेलं. ‘वहिनी, मूळ चित्रण असेल ना? मला फक्त तिचा आवाज हवा.’ नव्हतं. जागा पुरत नाही म्हणून मूळ चित्रण दरवर्षी पुसलं जायचं, सगळेच स्टुडिओवाले पुसतात. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. इथे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत. ही गाणी बहुतेक म्हाताऱ्या बायांच्या गळ्यातच आहेत. ती मुलगी गेली आणि वहिनींनी त्याच संध्याकाळी मला विचारलं, ‘मॅडम, जास्त जागेचं काही असतं का हो?’ अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते, म्हणून मला सगळं ठाऊक असतं असा गावाचा समज आहे! मग मी आणि वहिनींनी मिळून जे शोधून काढलं, तेच आता सांगते.

पहिला हिशेब जागेचा. दुकानात जायच्या आधी घरी बसून करावा. फोनचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरला, तर १ टीबीमध्ये अडीच लाख फोटो मावतात. म्हणजे नुसते फोटो असतील तर जागेची चिंता नाही. जागा खाते ते चित्रण. फोनवरचे ४के चित्रणाचे एक मिनिट दीडशे ते साडेतीनशे एमबी घेते. स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा तर एक तास ४५ जीबीच्या घरात जातो. दोन कॅमेरे, तीन-तीन तास, म्हणजे एका लग्नाचे २७० जीबी. मोसमात तीस लग्ने झाली तर आठ टीबीच्या वर. घरासाठी दोन डिस्कची पेटी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क पुष्कळ झाल्या. वहिनींना चार डिस्कची पेटी लागते आहे. शिवाय त्यांनी ठरवलं, की सगळं मूळ चित्रण कायमचं ठेवायचं नाही, पण गाण्यांचा आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाचा भाग वेगळा काढून ठेवायचा. हे यंत्राला कळत नाही, ते बाईनेच करायचं.

दोन डिस्क कशाला? तर त्या जोडीने चालतात. जे एकीवर लिहिलं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक बंद पडली तरी दुसरी शाबूत. म्हणून ४ आणि ४ मिळून ८ नव्हे, ४ टीबीच जागा वापरायला मिळते. (कॉम्प्युटर ती ३.६ दाखवतो, दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.) या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघांनी तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. चार डिस्कच्या पेटीत एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी राखून बाकीची वापरता येते.

पण इथेच बहुतेकांची गफलत होते. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती असं वाटतं. तसं नाही! मुलाने चुकून फोल्डर पुसलं की ते दोन्हींवरून एकदम जातं. वीज कडाडली, पेटी जळली, चोराने नेली, तरी दोन्ही गेल्या. जोडीची डिस्क म्हणजे गाडीचं जादा चाक. गाडीच नेली तर चाकाचा काय उपयोग? तेव्हा वेगळी प्रत हवीच. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

पेटी बहुधा रिकामी मिळते, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. किंमत विचारताना हे आधी विचारा, नाहीतर स्वस्त म्हणून हरखून जाल. डिस्कमध्येही प्रकार आहेत. काहींमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, काहींमध्ये कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. कौलारू डिस्कमध्ये मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून जोडीच्या पेटीत ती रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क अशा कौलारू निघाल्या होत्या, ग्राहकांनी बराच आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने नावं वेगळी केली. आज त्यांची ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मागितली की कौलारू नसलेली मिळते. दोन्हींची वॉरंटी ३ वर्षांची. पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, गेलेले फोटो नाहीत.

पेटीची कंपनी? सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्ही तैवानच्या, नावाजलेल्या. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये काही नव्या पेट्यांत आपल्याच डिस्कचा आग्रह धरला होता, लोक रागावले, ऑक्टोबरमध्ये माघार घेतली. एकूण काय, पेटीचा नंबर आणि डिस्कचा नंबर दोन्ही कागदावर लिहून, कंपनीच्या यादीत जमतात का ते पाहूनच पैसे द्यावेत. जुन्या कॉम्प्युटरवर फुकटची प्रणाली टाकूनही अशी पेटी करता येते. घरात हौशी मुलगा असेल तर छान. पण मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर ती कोण चालवणार, याचा विचार आधी करावा. घरातल्या बाईला एकटीने चालवता येत नाही ती पेटी घरात नसलेलीच बरी.

आता आपल्या विदर्भाचं दुखणं, ऊन आणि वीज. या पेट्या बहुधा भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेल्या असतात. आपला मे महिना तर त्याच्या वर जातो! म्हणून पत्र्याच्या खोलीत, बंद कपाटात, फ्रिजवर ती ठेवू नये. देवघराजवळही नको, उदबत्तीचा धूर आणि राख आत ओढली जाते. घरातली सर्वांत थंड खोली, जमिनीपासून थोडी वर, मागे चार बोटं मोकळी जागा. धुळीचं फडकं आठवड्याला फिरवावं.

वीज जाते तेव्हा डिस्कवर लिहिणं चालू असलं तर नुकसान होतं. म्हणून पेटीसोबत छोटा यूपीएस घ्यावा, आणि तो घेताना यूएसबी वायरने पेटीला जोडता येतो का, हे विचारावं. जोडला की वीज गेल्यावर पेटी आपली आपण नीट बंद होते. आणि बिलाची काळजी नको. दोन डिस्कची पेटी साधारण २० वॅट खाते, म्हणजे रात्रंदिवस चालून महिन्याला चौदा-साडेचौदा युनिट.

वेगाचंही ऐका. पेटी आणि कॉम्प्युटर दोन्ही वायरने राऊटरला जोडले तर १ टीबी उतरायला अडीच-तीन तास लागतात. तेच इंटरनेटवर, चढवण्याचा वेग १० मेगाबिट असेल तर सव्वानऊ दिवस! स्टुडिओवाल्यांना गूगल का परवडत नाही, ते यावरून कळेल. फोनचे फोटो मात्र वायफायवरून आरामात जातात.

बाहेरगावाहून पेटी उघडायची सोय असते. ती चालू करण्याची घाई करू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्या, ज्यांची देखभाल कंपनीने २०१५ मध्येच थांबवली होती, त्या इंटरनेटवरून कोणीतरी जगभर पुसून टाकल्या. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांना ‘डेडबोल्ट’ने कुलूप लावून खंडणी मागितली. तेव्हा कंपनी सुधारणा पाठवते त्या वेळच्या वेळी घ्याव्यात, पासवर्ड मुलांच्या नावाचा ठेवू नये, आणि ‘स्नॅपशॉट’ची सोय असलेली पेटी घ्यावी. तीत कालचं, परवाचं रूप जपलेलं असतं, चुकून पुसलेलं परत मिळतं. स्वस्तातल्या काही पेट्यांत ती नसते, विचारून घ्या. पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, दागिन्यांच्या जागी ठेवावा. घरातल्या दोघांना तरी ती जागा ठाऊक असावी.

राहिली ती वेगळी प्रत. अमेरिकेतले एक छायाचित्रकार, पीटर क्रोग, यांनी सांगितलेला नियम सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पेटीला मागे यूएसबीची जागा असते, तिथे एक पोर्टेबल डिस्क लावली की तिच्यावर प्रत निघते. ती घराबाहेर ठेवायची कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारे ठेवोत. मी म्हणते, माहेरी! अशा दोन डिस्क कराव्यात. राखीला जाताना ताजी न्यावी, आईकडची जुनी आणावी, भाऊबीजेला पुन्हा अदलाबदल. डिस्कला पासवर्डचं कुलूप घालायची सोय असते, ते घालावं. नाहीतर भाचेमंडळी तिच्यावर सिनेमे भरतील.

आणि पेटी लावून महिना झाला की एक दुपार काढा. एक साधासा फोटो मुद्दाम पुसा, आणि कोणाला न विचारता परत आणून दाखवा. वहिनींनी पहिल्या दुपारी पाऊण तास घेतला, दुसऱ्या वेळी पाच मिनिटं.